जमीन तुटते ती सांध्यात : नाशिकजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमधील प्रकरण

दिंडोरी रस्त्यालगतच्या एका द्राक्ष पॅकहाउसच्या मालकांचा मला फोन आला तो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे बागांची गोडी छाटणी तोंडावर आलेली, पण पॅकहाउस अजून रिकामे, अशा दिवसांत. मागणी एका वाक्याची होती. दोन वर्षांपूर्वी जमिनीवर करून घेतलेल्या इपॉक्सीचे, म्हणजे रंगासारख्या रासायनिक लेपाचे, पोपडे निघाले आहेत, या वेळी जाड इपॉक्सी करायची आहे, तर चौरस फुटाचा दर सांगा. जमिनीच्या कामात हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो आणि त्याचे उत्तर फोनवर देणारा ठेकेदार लगेच सापडतोही, पण मी आधी जमीन पाहू द्या म्हणालो. ते थोडे नाराज झाले असावेत, कारण यापूर्वीच्या ठेकेदाराने दर फोनवरच दिला होता आणि काम चार दिवसांत उरकले होते.

इमारत तेव्हा सहा वर्षांची होती. मुख्य हॉल ४८ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद, एका बाजूला प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल आधी थंड करून घेण्याच्या, खोल्या आणि शीतगृह, दुसऱ्या टोकाला गाडी लावण्याचा डॉक. जमीन १५० मिमी जाडीच्या एम-२५ काँक्रीटची, ट्रिमिक्स पद्धतीने केलेली, म्हणजे ओतलेल्या काँक्रीटमधले जादा पाणी व्हॅक्यूमने ओढून घेऊन वरून यंत्राने घोटलेली. दर चार मीटरला दोन्ही दिशांनी ग्रूव्ह, म्हणजे खाचा, कापलेले होते; पुढे सांधा म्हणतो तो हाच. कोबा सुकताना आकसतो आणि त्याला तडकायचे असतेच; त्याने कुठे तडकावे हे आपण आधी ठरवून दिले की सरळ रेषेत तडकतो, एवढाच त्या ग्रूव्हचा हेतू असतो. त्यासाठी ग्रूव्हची खोली जाडीच्या निदान चौथा हिस्सा लागते आणि काँक्रीट ओतल्यावर ते तासांच्या हिशेबाने, दिवसांच्या नव्हे, कापावे लागते. इथे खोली २० ते २५ मिमीच निघाली. त्यामुळे पाच-सहा ठिकाणी तडा ग्रूव्हमध्ये न जाता त्याच्या शेजारून, वीतभर अंतर ठेवून, स्वतःच्या मनाने गेला होता. तो दोष जुना होता आणि तक्रारीच्या मुळाशी नव्हता, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

पहिल्या दिवशी मी खडू, टेप, हातोडी आणि एक जाड खिळा एवढेच घेऊन गेलो. मालकांना वाटत होते की जमीन सगळीकडे खराब झाली आहे, आणि दारात उभे राहून पाहिले तर तसेच दिसत होते, कारण हिरव्या रंगाच्या इपॉक्सीत पांढरट पट्टे पडले की नजर तिथेच जाते. पण सांध्यांवर बसून एकेक मीटर मोजत गेल्यावर हिशेब वेगळा निघाला. चार मीटरच्या चौकटीने हॉलमधल्या सांध्यांची एकूण लांबी भरते ५०४ मीटर. त्यातले कडा तुटलेले, टवके उडालेले सांधे होते जेमतेम ६० मीटर, आणि तेही विखुरलेले नव्हते. खडूच्या खुणा जोडल्या तेव्हा हॉलच्या नकाशावर तीन पट्टे उमटले: पॅकिंगच्या टेबलांपासून प्रीकूलिंगपर्यंत एक, शीतगृहाच्या दारापासून डॉकपर्यंत दुसरा, आणि रिकामे पॅलेट, म्हणजे माल रचण्याच्या चौकटी, ठेवण्याच्या कोपऱ्याकडे वळणारा तिसरा. मराठीत चाकोरी हा शब्द आपण आता स्वभावाबद्दल किंवा नोकरीबद्दल वापरतो, पण तो मुळात बैलगाडीच्या चाकांनी रस्त्यात पडलेल्या खाचेचा आहे, आणि त्या हॉलमध्ये तो मला अगदी मूळ अर्थाने दिसला.

मालकांबरोबर त्या वेळी पॅकहाउसवर बारा महिने राहणारा एक कामगार होता, सुरगाण्याकडचा, जॅक ओढण्याचे काम करणारा. पॅलेट उचलून हाताने ओढण्याच्या हँड पॅलेट ट्रकला इथे सगळे जॅकच म्हणतात. मी खडूने खुणा करतो आहे हे तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग स्वतःहून म्हणाला, “साहेब, माल भरला की जॅक इथं ठेच खातो. मग आम्ही जरा जोर धरूनच आणतो, नाही तर मध्येच अडकतो.” माझ्या पुढच्या दोन दिवसांच्या मोजमापाचे सार त्याने या दोन वाक्यांत आधीच सांगून टाकले होते.

ठेच का लागते हे समजण्यासाठी चाकाकडे पाहावे लागते. साधारण जॅकची क्षमता २५०० किलो असते. त्याच्या हँडलखालचे चाक १८० ते २०० मिमी व्यासाचे असते, पण पॅलेटखाली जाणाऱ्या दोन दांड्यांच्या, म्हणजे फॉर्कच्या, टोकाला, तिथे मावावा म्हणून, जेमतेम ८० मिमी व्यासाचा आणि सुमारे ७० मिमी रुंदीचा रोलर असतो, आणि मालाचे बहुतेक ओझे त्या रोलरवर येते. द्राक्षाच्या भरलेल्या पॅलेटचे वजन इथे ८०० ते ९०० किलो भरत होते. जॅकचे स्वतःचे सत्तर-ऐंशी किलो धरून आणि दोन तृतीयांश भार पुढे धरून हिशेब केला, तर प्रत्येक फॉर्कखाली सव्वातीनशे किलोच्या आसपास ओझे येते. नायलॉनचा रोलर टणक असल्यामुळे तो दबत नाही. जमिनीला त्याचा स्पर्श होतो तो चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या एका रेघेत. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर शंभर किलोच्या घरातला दाब. एम-२५ काँक्रीटची ताकद चौरस सेंटिमीटरला सुमारे २५० किलो असते, त्यामुळे सपाट जमिनीच्या मध्यभागी हा दाब सहज पेलला जातो. म्हणूनच चाकोरीतसुद्धा दोन सांध्यांच्या मधली जमीन शाबूत होती. सांध्याच्या कडेला मात्र काँक्रीटला एका बाजूने आधारच नसतो, आणि तिथे दाबाबरोबर धक्काही बसतो.

धक्क्याचा हिशेब मला नेहमी कागदावर काढून दाखवावा लागतो, कारण तोंडी सांगितला तर कोणाचा विश्वास बसत नाही. ८० मिमी व्यासाचा रोलर ५ मिमी रुंदीच्या फटीवरून गेला तर तो आत एक दशांश मिलिमीटरही उतरत नाही. कड थोडी झिजून फट १० मिमी झाली की तो ०.३ मिमी उतरतो, २० मिमी झाली की सव्वा मिलिमीटर, आणि ४० मिमी झाली की जवळजवळ साडेपाच मिलिमीटर. रुंदी दुप्पट झाली की उतरण चौपट, किंबहुना थोडी अधिकच. म्हणून नवा सांधा दोन-तीन हंगाम काही तक्रार न करता टिकतो आणि मग एकाच हंगामात डोळ्यांदेखत फुटत जातो. मालकांची समजूत अशी होती की गेल्या वर्षी काहीतरी वेगळे घडले, माल जास्त आला किंवा इपॉक्सी खोटी निघाली. तसे काही घडलेले नव्हते. हँडलखालच्या २०० मिमीच्या चाकाला तीच ४० मिमीची फट फक्त दोन मिलिमीटर जाणवते, म्हणून ओढणाऱ्याच्या हाताला जो हिसका बसतो तो पुढच्या रोलरचा असतो, आणि तो टाळण्यासाठी तो जोर धरून, म्हणजे वेगाने, सांधा पार करतो. वेगाने धक्का वाढतो. पॅकिंगच्या टेबलापासून प्रीकूलिंगपर्यंत एका फेरीत नऊ सांधे लागत होते आणि पर्यवेक्षकांच्या वहीनुसार भर हंगामात या मार्गावर दिवसाला शंभर-सव्वाशे भरल्या फेऱ्या होत होत्या. म्हणजे रोज हजारावर वेळा कुठल्या ना कुठल्या कडेवर ही ठोकर बसत होती.

सगळे जॅक उलटे करून पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट हाती लागली. एका जॅकचा उजवा रोलर फिरतच नव्हता. तो काढल्यावर आसाभोवती पॅलेट बांधण्याच्या प्लास्टिक पट्टीचा तुकडा, केसांचा गुंता आणि वाळलेला, गुळासारखा घट्ट झालेला द्राक्षाचा रस यांचे मिळून एक वेटोळे निघाले. ते कापायला करवतीचे पाते लागले. रोलर एका बाजूने घासून सपाट झाला होता आणि त्या सपाट भागात गव्हाएवढी खडी रुतून बसली होती. अंगठा फिरवला तर ती बोटाला टोचत होती. हा रोलर फिरत नव्हता, घसरत होता, आणि ती खडी इपॉक्सीवरून सव्वातीनशे किलोच्या भाराखाली सुताराच्या पटाशीसारखी चालत होती. हॉलमध्ये जे दोन लांबच लांब ओरखडे होते आणि ज्यांचे खापर मालक मशीन सरकवणाऱ्यांवर फोडत होते, ते या एका रोलरचे होते. मी ते त्यांना दाखवले.

आता इपॉक्सीविषयी. ती जाड नव्हती हे खरे, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी भरली, पण ती निघाली ती पातळ होती म्हणून नव्हे. निघालेला पोपडा उलटा करून पाहिला तर त्याच्या खालच्या बाजूला सिमेंटची पांढरी भुकटी चिकटलेली होती. घोटलेल्या कोब्याच्या वर सिमेंटची जी कच्ची साय असते, ती घासून न काढता तिच्यावरच रंग चढवला होता, म्हणजे इपॉक्सीने पकडले होते ते सायीला, आणि सायीने कोब्याला कधी पकडलेच नव्हते. खिळ्याने ओढून पाहिले तर उघड्या जागी ही साय खडूसारखी निघत होती. शिवाय ओलाव्याची चाचणी केली. ४५ सेंटिमीटर चौरसाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने जमिनीला चिकटवून रात्रभर, निदान सोळा तास, ठेवायचा आणि सकाळी खाली दव धरले आहे का ते पाहायचे, इतकी ती साधी असते. सहा तुकड्यांपैकी दोन ठिकाणी, आणि दोन्ही धुण्याच्या नळाजवळ, पाणी धरलेले होते. तिसरी चूक अशी की रंग सांध्यांवरून सलग फिरवला होता. सांधा हलतो, रंग हलत नाही; पहिल्याच थंडीत सांध्याच्या रेषेत तो फाटला आणि फाटलेल्या कडेखाली धुण्याचे पाणी जाऊ लागले.

यावर मी जो अहवाल दिला त्यात संपूर्ण हॉलला इपॉक्सी करू नये असे स्पष्ट लिहिले. मालकांनी तो वाचून विचारले, “मग साहेब, तुम्ही नक्की करणार काय?” प्रश्न रास्त होता, कारण मी सुचवलेले काम झाल्यावर दिसण्यासारखे त्यात फारसे नव्हते.

पहिले काम तुटलेल्या ६० मीटरचे. फुटलेल्या कडेवर नुसता मसाला थापून तो दोन्ही अंगांना शून्यावर आणला, तर तो पातळ काठ पहिल्या आठवड्यातच चाकाखाली उडतो. म्हणून दोन्ही बाजूंना, जिथे काँक्रीट घट्ट वाजते तिथपर्यंत जाऊन, कटरने उभा काप घेतला आणि निदान २५ मिमी खोलीपर्यंतचे सगळे काढून टाकले. धूळ व्हॅक्यूमने ओढली. फडक्याने पुसणे किंवा पाण्याने धुणे दोन्ही वर्ज्य. मग प्राइमर आणि क्वार्ट्झ वाळू घातलेला इपॉक्सी मसाला. दुसऱ्या दिवशी, अगदी जुन्याच सांध्याच्या रेषेत, पुन्हा ग्रूव्ह कापला. ही पायरी गाळण्याचा मोह प्रत्येक मिस्त्रीला होतो, कारण सलग भरलेला मसाला दिसायला छान दिसतो. पण खालचा सांधा जिवंत असतो, आणि वरून मसाल्याने तो बांधून टाकला तर हिवाळ्यात तो शेजारून नवा तडा पाडतो. रेषा चुकू नये म्हणून काम सुरू करण्याआधीच दोन्ही टोकांना भिंतीवर खिळे ठोकून दोरी धरण्याची सोय केली होती.

प्रीकूलिंगच्या दारापाशी एक पॅनेल, म्हणजे सांध्यांमधला एक चौकोन, मात्र वेगळे वागत होते. भरलेला जॅक जाताना मी सांध्यावर आडवे बोट ठेवले तर एक बाजू खाली दबून पुन्हा वर येत असल्याचे बोटाला कळत होते. काँक्रीटचा वरचा थर खालच्यापेक्षा आधी सुकतो आणि जास्त आकसतो, त्यामुळे पॅनेलच्या कडा भाकरीच्या काठासारख्या किंचित वर वळतात आणि त्यांच्याखाली पोकळी राहते. हातोडीखाली तिथे बद्द आवाज येत होता. अशा कडेची कितीही चांगली दुरुस्ती केली तरी ती टिकत नाही. तिथे आधी भोके पाडून सिमेंट ग्राउट, म्हणजे पातळ मसाला, भरला, दोन दिवसांनी पुन्हा बोट ठेवून पाहिले, आणि मगच कड बांधली.

दुसरे काम सांधे भरण्याचे, आणि इथे माझी स्वतःची चूक नोंदवणे भाग आहे.

वर्दळीच्या मार्गावरचे सांधे मऊ पदार्थाने भरून उपयोग नसतो. याआधी तिथे कोणीतरी डांबर भरले होते. ते उन्हाळ्यात चाकांना लागून हॉलभर काळे ठिपके झाले होते आणि सांधे अर्धे रिकामे होते. सिलिकॉन किंवा खिडक्यांना वापरतात तसले सीलंट पाणी अडवते, पण रोलरचे ओझे पेलत नाही. चाक ते खाली दाबते आणि कड उघडीच राहते. इथे हवा तो अर्धकठीण भराव, इपॉक्सीचा किंवा पॉलियुरियाचा, ज्याचा कठीणपणा रबरासारख्या पदार्थांसाठीच्या शोअर-ए मापावर निदान ८० असतो. तो ग्रूव्हच्या पूर्ण खोलीपर्यंत भरायचा असतो. तळाशी फोमची दोरी घालून भराव वाचवला तर तो वरच्या दाबाने खाली बसतो. आम्ही तळाची फट झाकण्यापुरती कोरडी बारीक वाळू टाकली आणि भराव जमिनीच्या थोडा वर येईल असा ओतून, तो बसल्यावर पात्याने जमिनीबरोबर तासून घेतला. चाकाला खाली उतरायला जागाच उरू नये, हा या सगळ्याचा हेतू.

हॉलमध्ये हे उत्तम झाले. पण त्याच आठवड्यात, ऑक्टोबरमध्ये, मी प्रीकूलिंगच्या दोन खोल्यांतले सांधेही भरून घेतले. खोल्या बंद होत्या, आतले तापमान ३० अंशांच्या आसपास होते. जानेवारीत माल सुरू झाला, खोल्या २ अंशांवर आणल्या, आणि पंधरा दिवसांत पर्यवेक्षकांचा फोन आला की भराव एका बाजूने सुटला आहे, नखाची कड आत जाते. हिशेब मला आधी करता आला असता. काँक्रीट दर अंशाला दर मीटरमागे एका मिलिमीटरचा शंभरावा भाग आकसते. चार मीटरचे पॅनेल २८ अंशांनी थंड झाले की ते सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर आखडते, आणि शीतगृहाच्या जमिनीखाली इन्सुलेशनचा थर असल्यामुळे वरचा कोबा पूर्ण जाडीत थंड होतो. पाच-सहा मिलिमीटरच्या सांध्याला सव्वा मिलिमीटर म्हणजे पाचवा हिस्सा. रबर तेवढे ताणले जाते. अर्धकठीण भराव नाही. तो एका कडेला धरून राहतो आणि दुसरी सोडतो.

त्या हंगामात काही करता येण्यासारखे नव्हते. पुढच्या डिसेंबरच्या अखेरीस, माल यायच्या आधी, खोल्या रिकाम्याच चालवून ३ अंशांवर आणायच्या आणि तशाच थंडीत सांधे पुन्हा भरायचे असे ठरले. रिकाम्या खोलीसाठी कॉम्प्रेसर चालवायचा या कल्पनेला मालकांनी विजेचे बिल दाखवून बराच विरोध केला. हवा थंड होऊन भागत नाही, कोबा थंड व्हावा लागतो, हे मी त्यांना इन्फ्रारेड थर्मामीटर हातात देऊन दाखवले: खोलीतली हवा ३ अंशांवर येऊन अख्खी रात्र झाली तरी जमीन ९ अंश दाखवत होती. तिसऱ्या दिवशी ती ५ वर आली आणि आम्ही काम सुरू केले. इपॉक्सीचा भराव एवढ्या थंडीत नीट बसत नाही, म्हणून तिथे पॉलियुरिया वापरला. तो गोठणबिंदूजवळही तासाभरात पक्का होतो. उन्हाळ्यात खोल्या बंद झाल्यावर पॅनेले फुगली आणि भराव किंचित वर आला. तो पात्याने तासून घेतला. त्यानंतर तो सुटलेला नाही.

निवडीच्या टेबलांखालची जमीन हे वेगळे प्रकरण होते, आणि तिथे मालकांचा लेपाचा आग्रह बरोबर होता. तिथे मणी गळतात, रस सांडतो, तो आंबतो, आणि आंबलेल्या रसातली आम्ले सिमेंट खातात. रोजच्या धुण्यात वरची झीज वाहून जाते आणि खडी उघडी पडते. त्या भागात साय यंत्राने घासून काढून ६ मिमी जाडीचा पॉलियुरेथेन-सिमेंटचा थर दिला, भिंतीपाशी तो गोलाई देऊन वर चढवला, आणि सांध्यांच्या रेषा थरातही पुन्हा कापल्या. हा थर ओलावा इपॉक्सीपेक्षा पुष्कळ सहन करतो. बाकी हॉलची राहिलेली इपॉक्सी घासून काढून उघड्या कोब्यावर सिलिकेटचे डेन्सिफायर, म्हणजे काँक्रीटचा पृष्ठभाग घट्ट करणारे द्रावण, मारले. हॉल करडा दिसू लागला. मालकांच्या घरच्यांना तो आवडला नाही, असे मला नंतर कळले.

पाहुण्यांना आत आणण्याच्या वाटेवर ६०० मिमीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स होत्या आणि त्यातल्या तीन तडकल्या होत्या. खालचा मसाला सलग न पसरता चार गोळ्यांवर त्या बसवलेल्या होत्या, त्यामुळे पोकळ भागावर चाक आले की टाइल वाकते आणि तुटते. त्या वाटेने कॅरेटच्या ढकलगाड्या फक्त अंतर वाचते म्हणून जात असत. तीन टाइल्स बदलल्या, आणि वाटेत एक कुंडी ठेवली. एवढ्याने प्रश्न मिटला. त्याच वाटेने पुढे एकदा नवा कॉम्प्रेसर आत न्यावा लागला, तेव्हा आधी जमीन कोरडी झाडून, जाड प्लास्टिक अंथरून, त्यावर १८ मिमी प्लायवुडचे दोन थर, वरच्याचे जोड खालच्याच्या जोडांवर येणार नाहीत असे, टाकले. झाडणे सगळ्यांत महत्त्वाचे होते, कारण प्लायवुडखाली राहिलेला एक खडा हीच टाइलवर ठेवलेली छिन्नी असते. लोखंडी चेकर्ड प्लेट टाकू या असे काहींचे म्हणणे होते, पण ती सरकते, तिचा कोपरा वर येतो, आणि तोच कोपरा टाइल फोडतो.

राहिली चाके. सगळ्या जॅकना पॉलियुरेथेनचे रोलर बसवावेत आणि एकेरीऐवजी जोडरोलर घ्यावेत, असे मी सुचवले. पॉलियुरेथेन नायलॉनपेक्षा मऊ असल्याने त्याच्या स्पर्शाची रेघ रुंद होते आणि दाब साधारण निम्म्यावर येतो. जोडरोलरमध्ये एक रोलर फटीवर असताना दुसरा पक्क्या जमिनीवर असतो, त्यामुळे ठेच जवळजवळ नाहीशी होते. हे ऐकायला निर्विवाद वाटते, पण तसे नाही. मऊ चाकाला ओढायला जास्त जोर लागतो. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात जॅक ओढणाऱ्यांनी तक्रार केली की जॅक जड झाले आहेत, आणि ते खरे होते. सुरगाण्याच्या त्याच कामगाराने मला एक जॅक ओढून पाहायला लावला आणि डॉकच्या चढावर माझी दमछाक झालेली बघून तो काही बोलला नाही. चढावर दोघांनी जोर लावायचा, आठवड्याला आसांना ग्रीस द्यायचे आणि दर शनिवारी सगळे जॅक उलटे करून गुंता कापायचा, असे ठरले. भरलेला पॅलेट रात्रभर जॅकवरच उचलून ठेवायची सवयही मोडावी लागली, कारण पॉलियुरेथेन एका जागी दबून राहिले की सपाट होते आणि सकाळी चाक खडखडत चालते.

तीन हंगामांनंतरची स्थिती अशी आहे. दुरुस्त केलेल्या ६० मीटरपैकी ५५ मीटरच्या आसपास सांधा शाबूत आहे. दोन ठिकाणी मसाल्याची कड उडाली. दोन्हीकडे उभा काप पुरेसा खोल गेला नव्हता, आणि ते माझ्या देखरेखीखाली झालेले काम आहे. डॉकच्या उंबऱ्यावरचा ५० मिमीचा लोखंडी अँगल अजून त्रास देतो. तो कोब्यापेक्षा ४ मिमी वर होता, प्रत्येक रोलर त्याला ठोकरत होता. आम्ही तो काढून, मागे पाय वेल्ड करून, न आकसणाऱ्या ग्राउटमध्ये कोब्याच्या पातळीत बसवला, पण डॉक लेव्हलरची, म्हणजे डॉक आणि गाडी यांची पातळी जुळवणाऱ्या हलत्या फळीची, जीभ नेमकी त्याच कडेवर आपटते आणि ग्राउट पुन्हा भुगा होऊ लागला आहे. कंटेनर भरताना वीस पॅलेट लागोपाठ तिथून जातात.

गेल्या फेब्रुवारीत पर्यवेक्षकांनी बोलावले. शीतगृहाच्या मार्गावर एका सांध्याच्या कडेला ताजे, पांढरे टवके दिसत होते. जॅक उलटे केले तर दोनांना नवेकोरे नायलॉनचे रोलर होते. जुने झिजले म्हणून बाजारातून आणले, स्वस्त मिळाले आणि ओढायला हलके म्हणून सगळ्यांना आवडले. ते बदलून टाका असे मी म्हणालो नाही, कारण मागच्या आवारात, मुरमाच्या जमिनीवर रिकामी कॅरेट ओढायला तेच बरे. त्या दोन जॅकच्या हँडलला लाल रंग मारला आहे आणि लाल हँडल हॉलच्या दाराच्या आत आणायचे नाही. डॉकचा उंबरा येत्या सप्टेंबरमध्ये पुन्हा उघडायचा आहे.